तेरवीच्या पंगतीतून उचललेलं पान

काका, काल तुमच्या तेरवीत मी एका माणसापुढचं वाढलेलं पान उचललं. भात, वडे, कढीचा दोना, सगळ्यासकट. तो बसला होता पहिल्या पंगतीत, तुमच्या मुलाच्या, मंगेशच्या शेजारी, रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या तुमच्या अंगणात, साऱ्या पाऱ्यातल्या, आख्ख्या मोहल्ल्यातल्या लोकांच्या देखत.

मंगेशदादा तेव्हापासून माझ्याशी बोलला नाही. माझ्या बाबांनी घरी येईपर्यंत दम धरला आणि मग स्कूटर उभी करता करता विचारलं, की मेलेल्या माणसाच्या दारात असा तमाशा करायला तुले कोणी शिकवलं. शेजारच्या बाया म्हणून राहिल्या की काकांनी या पोट्टीले डोक्यावर चढवून ठेवलं होतं. ते खरं आहे. रागवायचा हक्क असेल तर तो एकट्या तुमचा आहे, आणि तुम्हीच नाही. म्हणून लिहिते. मराठीत लिहिते, कारण मी हिंदीत उत्तर दिलं की तुम्ही ऐकूच न आल्यासारखं करायचे.

तुमचा जन्म, नोकरी, निवृत्ती हे सगळं मंगेशदादाने फोटोसकट पेपरात दिलं आहे. खाली मोठ्या अक्षरांत 'शांतिदूत' असं छापलं आहे. ते वाचून मी पेपर भिरकावला. तुम्हालाही तो शब्द आवडला नसता. शेवटच्या वर्षात तर अजिबात नाही.

आपली ओळख गोल बाजारात झाली. मी भांड्यांच्या ओळीत पत्रकं वाटत होते आणि लोक घडी करून खिशात घालत होते, पुढच्या वळणावर टाकायला. तुम्ही मात्र काकूंसाठी कढई बघायची सोडून तिथंच उभं राहून पत्रक वाचलं, दोन्ही बाजू. मग मला बोटाने बोलावलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. तुम्ही म्हणाले, "काहून वो पोट्टे, इतके खिळे काहून ठोकले?" माझ्या प्रत्येक वाक्यापुढे उद्गारचिन्ह होतं. दुकानदार हसला. मी चिडून विचारलं की तुमचं काय जातं. तुम्ही म्हणाले की ज्या जळालेल्या गावाबद्दल तू लिहिलं, त्या गावात मी मलेरियाची फवारणी करत म्हातारा झालो, तर माझं थोडंफार जातं.

त्या पत्रकात 'नराधम' असा शब्द होता. तो तुम्ही पेनाने खोडला. नंतरही मी प्रत्येक मजकूर तुम्हाला दाखवायला आणायची आणि तुम्ही तो शब्द शोधून काढायचे, नाव बदलून लपवला तरी. राक्षस, पशू, श्वापद, काही चालायचं नाही. एकदा मी हट्टच धरला, तेव्हा म्हणाले, "जनावरावर खटला चालत नाही, पोट्टे. माणूस आहे तो. म्हणून तर त्याले कोर्टात उभं करायचं."

तो माणूस म्हणजे ज्याला सगळं रायपूर भैयाजी म्हणतं. त्याचं खरं नाव आरोपपत्रावर आहे, तिथंच ते शोभतं. दक्षिणेच्या जंगलात लढाई पेटली तेव्हा त्याने बंदूकवाल्या पोरांची टोळी उभी केली, गावांचं रक्षण करायला म्हणून. रक्षणाच्या नावाने त्यांनी ते गाव जाळलं. पळता न आलेल्या माणसांना मोहाच्या झाडांखाली ओळीने उभं केलं आणि गोळ्या घातल्या. उरलेले लोक सडकेच्या कडेच्या छावणीत ताडपत्रीखाली राहिले. आज तो जामिनावर आहे. नव्या राजधानीत रस्त्याची कंत्राटं घेतो, पांढरा शर्ट घालतो, लग्नामुंजीला जातो. त्याने केलेल्या डांबरावरून आपण गाड्या चालवतो.

मग शांती समिती आली. लढाई निवल्यावर गावं परत वसवायची होती आणि सरकारी माणसावर कोणाचा भरवसा नव्हता. तुमच्यावर होता. पाठीला फवाऱ्याची टाकी लावून घरोघरी गेलेला माणूस, कोणाचं पोट्टं तापाने फणफणलं तर सायकलवर घालून दवाखान्यात नेलेला. समितीत तुम्हाला घेतलं आणि तिथं ती गोष्ट तुम्हीच सुचवली.

त्या गावांत एक रीत आहे. दोन घरांत रक्त सांडलं आणि पुढं सोबत राहायचं असलं तर एका हंडीत तांदळाची पेज शिजवतात. दोन्हीकडचे एका बैठकीत बसतात, पानाच्या दोन्यांत ती पेज पितात. एका हंडीतलं पोटात गेलं की जुनी गोष्ट कोणी तोंडावर आणायची नाही. पंचांपुढे नाही, देवापुढेही नाही. आणली तर घरातली माणसं जातात असं ते मानतात. तुम्हाला हे ठाऊक होतं, तुम्ही अशा बैठकी पाहिल्या होत्या. तुम्हाला वाटलं, सरकारच्या भाषणापेक्षा हे खरं आहे. आणि काम झालं, हे मी नाकारत नाही. छावणीतली माणसं त्या पेजेनंतर आपल्या शेतांवर परत गेली. भैयाजीही आला होता. सगळ्यात पहिला दोना त्याने घेतला.

तो त्याच भागातला. आपण काय पितो आहोत हे त्याला चांगलं कळत होतं. कळलं नाही ते तुम्हाला.

खटला रायपूरला उभा राहिला आणि साक्षीदार यायला लागले. रात्रभर बसमध्ये बसून आलेली माणसं, अंगावर ठेवणीतले कपडे. वकील विचारायचा की त्या दिवशी काय पाहिलं. ते खाली बघायचे. एक म्हातारा, ज्याचे दोन मुलगे त्या झाडांखाली पडले, तो इतकंच म्हणाला, "पेज हो गया, साहब." जजसाहेबांनी दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्याने शब्द बरोबर सांगितला, की पेज झाली. कोर्टाला त्याचा अर्थ लागला नाही. मागच्या बाकावर बसलेल्या भैयाजीला लागला. तो रुमालाने मान पुसत होता आणि मला त्याचा गाल दिसत होता, हसणारा.

तिथून मी सरळ तुमच्या घरी आले. तुम्ही अंगणात तुळशीला पाणी घालत होते. मी चप्पल न काढता म्हणाले, की साक्षीदारांची तोंडं तुम्ही बांधली, तुमच्या हाताने, त्यांच्याच रीतीच्या दोरीने. काकू आतून बाहेर आल्या. तुम्ही तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "त्या पेजेनं ते लोक घरी गेले. तुह्या पत्रकानं किती लोकाईले घरी नेलं, सांग."

पण मी एक विचारते. ज्या घरी ते गेले, त्या घरापुढून भैयाजीची गाडी जायची आणि त्यांना त्या गाडीला रामराम करावा लागायचा, त्याला घर म्हणतात का? शांतता कोणाची झाली? ज्यांनी मारलं त्यांची झोप शांत झाली, एवढंच मला दिसलं. तुम्ही म्हणायचे, आधी माणसं जगू दे, मग न्याय. मी म्हणायची, न्याय नसला तर नुसतं जगणं त्यांच्या मेहरबानीवर. काकू म्हणायच्या, आधी चहा घ्या. हे भांडण आपण किती वेळा केलं. ते संपवायचं होतं आणि तुम्ही मधूनच उठून गेले.

त्या दिवसानंतर तुम्ही समितीचा राजीनामा दिला. समितीच्या सत्कारात मिळालेली शाल कपाटातून काढून गादीखाली टाकली, काकूंनी दाखवली मला. आठवड्याने तुम्ही समता कॉलोनीत, आम्ही पत्रकं काढतो त्या छोट्या ऑफिसात आले, जिना चढून धापा टाकत, आणि खुर्चीवर बसायच्या आधी म्हणाले, "एक आहे. तिनं पेज नाही प्याली."

ती सोमारी. तिचा नवरा आणि दीर, दोघंही त्याच झाडांखाली. बैठकीच्या दिवशी ती वाढणाऱ्या बायांमध्ये होती. सगळ्यांना वाढून झाल्यावर वाढणाऱ्यांनी प्यायची असते. तिने दोना भरला, उचलून झोपडीमागे गेली आणि रिकामा दोना घेऊन परत आली. तुम्ही बसल्या जागेवरून पाहिलं की मागच्या मातीवर पेज सांडली आहे आणि कोंबडी तिथं टोचून राहिली आहे.

म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं, काका. मग इतके महिने गप्प काहून बसले? मी हे विचारलं होतं आणि तुम्ही खिडकीतून खालच्या दवाखान्याच्या पाटीकडे बघत राहिले. एक तर तुम्ही तिला वाचवत होते, कारण बोललेलं भैयाजीच्या कानी गेलं असतं तर ती उरली नसती. नाही तर तुम्ही तुमची शांतता वाचवत होते, त्या एका सांडलेल्या दोन्यापासून. दोन्ही मला पटतं आणि दोन्हीचा राग येतो. जाताना हे तरी सांगून जायचं.

पण तुम्ही गेले तिच्याकडे. गुडघे दुखत असताना, बसने, मग कोणाच्या तरी मोटारसायकलवर. कोर्टात बोल असं तिला म्हटलंच नाही, असं तिने मला नंतर सांगितलं. फक्त म्हणाले की ती पेज मांडायला मी सांगितली होती, चूक झाली, आणि तू नाही प्याली हे मी पाहिलं आहे. ती म्हणाली, मग चला. एवढंच. तिची कोंबडी शेजारणीकडे देऊन ती तुमच्यासोबत निघाली. यासाठी मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. भांडायलाच वेळ पुरला नाही. आता मानते.

सोमारी तुमच्या घरी राहायला लागल्यावर आपल्याला कळलं की ती कुठंच काही खात-पीत नाही. कोर्टात जबाब नोंदवायला नेलं तर तिथल्या माठाचं पाणी नको, टपरीचा चहा नको. मी खूप आग्रह केला तेव्हा तिने तिच्या हिंदीत समजावलं, जशी लहान पोरीला समजावते. "उसका आदमी भी वो मटका से पीता है, दीदी. कल बोलेगा, साथ में पिया." एका भांड्यातलं गेलं की तिचं तोंड बंद. कोणाच्या सांगण्याने नाही, तिच्या स्वतःच्या मनाने. तेव्हापासून तुम्ही तिच्यासोबत घरून पाण्याची बाटली नेऊ लागले. कोर्टाच्या व्हरांड्यात तुम्ही दोघं बसलेले, मध्ये ती स्टीलची बाटली, तुम्ही तिच्याशी तिच्या बोलीत पावसापाण्याचं बोलताय. पोलिसाने एकदा विचारलं, काका, ये कौन लगती है आपकी. तुम्ही म्हणाले, "बहू है." सोमारी दिवसभर हसत होती.

तुमच्या घरचं मात्र ती सगळं खायची. काकूंच्या हातच्या पोळ्यांना नावं ठेवून खायची, की हे कागद काय खाता, भात द्या.

समता कॉलोनीतल्या दवाखान्यात, तुमच्या नाकाला नळी असताना, मी तुम्हाला नवं पत्रक वाचून दाखवलं. तुम्ही हाताने खूण केली की तो शब्द काढ. मी म्हणाले, यात नाहीच तो. तुम्ही नळीखालून हसले. मग म्हणाले की सजा झाली की जेलात जाऊन त्याले भेटून येईन. डबा नेईन. मी विचारलं, काहून? तुम्ही म्हणाले की सजेनंतरही तो इथलाच राहते ना, पोट्टे. मला इतका राग आला की मी उठून बाहेर गेले आणि परत आले तेव्हा तुम्ही झोपले होते. माझ्याशी तुमचं ते शेवटचं बोलणं.

आता काल.

पहिली पंगत बसली. एका बाजूला पुरुष, समोर बाया. काकूंनी सोमारीला मुद्दाम पहिल्या पंगतीत बसवलं, घरच्या माणसासारखं. पानं मांडली, भात वाढून झाला, वरण यायचं होतं. तेवढ्यात दारात गाडी थांबली. भैयाजी हार घेऊन आला. तुमच्या फोटोला घातला, हात जोडले, डोळे पुसले. आणि मंगेशदादा, ज्याला तुम्ही हे सगळं कधी नीट सांगितलं नाही कारण त्याची नोकरी नव्या राजधानीतल्या ऑफिसात, तो पुढं झाला. तेरवीला दारात आलेल्या माणसाला जेवू घातल्याशिवाय पाठवायचं नाही, एवढं त्याला ठाऊक. स्वतःच्या शेजारी जागा करून दिली. नवं पान मांडलं. आलेलं सगळं भराभर वाढलं.

भैयाजी मांडी घालून बसला, सोमारीच्या अगदी समोर. एक पंगत, एका पातेल्यातला भात. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान थोडी झुकवली, नमस्कार केल्यासारखी. चुकून आला नव्हता तो, काका. बाहेरगावच्या कामावरून तेरवीची वेळ साधून आला होता. जामिनाच्या अटीत लिहिलं आहे की साक्षीदाराला भेटायचं नाही, धमकवायचं नाही. साक्षीदारासमोर तेरवीचा भात खायचा नाही, हे कोणत्या कायद्यात लिहिणार?

सोमारीचा हात मांडीवर होता. तो मांडीवरच राहिला. उठली असती तर तुमच्या जेवणावरून उठली असती, आणि तिच्या लोकांत मेलेल्याच्या जेवणावरून उठलं की त्याचा जीव अडकतो. बसली तर पेज झाली. पुढच्या मंगळवारी तिची साक्ष आहे. तिच्यामागे दुसरा साक्षीदार नाही. ती माझ्याकडे बघत नव्हती, कोणाकडेच नव्हती. भाताकडे बघत होती. वाढप संपेपर्यंत कोणी घास घेत नाही, तेवढाच वेळ होता.

मी वड्यांची टोपली खाली ठेवली, गेले आणि त्याचं पान उचललं.

तो रागावला नाही. ते मला जास्त लागलं. हसला आणि म्हणाला, "गमीवाले घर से किसी को भूखा नहीं उठाते, बेटा." दुःखाच्या घरची रीत तो मला शिकवत होता.

मी म्हणाले, "तुम्हारे लिए इस घर में कुछ नहीं पका."

मंगेशदादाने माझं मनगट धरलं. कढी त्याच्या धोतरावर सांडली. बाबांच्या तेरवीत कोणाले उपाशी उठवशील तर माझ्याशी गाठ आहे, असं काहीसं तो दातांमध्ये म्हणत होता. आणि खरं सांगते काका, मला त्या क्षणी वाटलं की तुम्हीही हेच म्हटलं असतं. तुम्ही पान परत मांडलं असतं. मी मनगट सोडवलं नाही, पण पानही सोडलं नाही.

तेवढ्यात काकू वरणाचं भांडं घेऊन आल्या. त्यांनी पाहिलं: मी, मंगेशदादा, माझ्या हातातलं पान, खाली रिकाम्या जागेपुढे बसलेला तो माणूस, समोर सोमारी. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मालकीण त्या. त्या वाढत आल्या. मंगेशच्या पानावर वरण वाढलं. भैयाजीपुढच्या रिकाम्या फरशीशी क्षणभरही न थबकता पुढच्या पानाकडे गेल्या आणि म्हणाल्या, "चला, वरण थंड होऊन राहिलं."

तो उठला. कोणी उठवलं नाही, कोणी थांबवलं नाही. चपला घालायला त्याला वेळ लागला, कारण वाकताना सारी पंगत त्याच्याकडे बघत होती. तुमच्या अंगणातून त्याला उपाशी जाताना मी पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. हे लपवत नाही. त्या म्हाताऱ्याच्या दोन मुलांसाठी बरं वाटलं, माझ्यासाठीही वाटलं. अजून पोट भरलेलं नाही माझं. त्याला पिंजऱ्यात उभं राहून तिच्या तोंडून ऐकायचं आहे, एकेक नाव.

गाडीचा आवाज गल्लीतून गेल्यावर सोमारीने भाताला हात लावला. पहिला घास तुमच्या नावाने बाजूला काढून ठेवला, मग जेवली. दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

मंगळवारी तुमच्या जागी मी तिच्यासोबत जाणार आहे. स्टीलची बाटली काकूंनी घासून माझ्याकडे दिली. तुमच्या नळाचं पाणी भरून नेईन. या साऱ्या लेखात मी त्या माणसाला एकही शिवी दिलेली नाही, खोडायला पेन हातात घेऊन बसला असाल तर तपासून बघा.

आणि सजा झाल्यावर जेलात डबा न्यायचं तुमचं काम राहून गेलं. ते राहू द्या, काका. ते मी करणार नाही.